नाण्यांची झबली

प्रिय ऋता आणि मिहीर,

तुमच्या तिकडच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा आजी-आजोबांनी आपापल्या कामाबद्दल लिहायचं आहे, असं ऋताने फोनवर सांगितलं. वर विचारलं, "आजी, आई म्हणते तू नाण्यांना कपडे शिवायचीस. हे खरं आहे, की मला जेवायला घालताना ती थापा मारायची?" तुझ्या आईने तुला भरवताना पुष्कळ थापा मारल्या असतील. पण ही थाप नव्हे. सत्तरच्या दशकातली सहा-सात वर्षं मी नाण्यांचे कपडेच शिवून घेत होते, आणि त्यासाठी माझी बी.ए.ची पदवी पुरेपूर वापरली गेली.

आधी गाव सांगते. मालेगाव म्हटलं की मिहीर नकाशात नाशिककडे बोट नेतो. ते नव्हे. आमचं मालेगाव जहागीर, वाशीमच्या रस्त्यावरचं. तेव्हा वाशीम जिल्हासुद्धा झाला नव्हता, आम्ही अकोल्याचे म्हणवत होतो. तुमचे आजोबा तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मी अमरावतीला इंग्रजी घेऊन शिकलेली. गावात इंग्रजी बोलायला कोणी नव्हतं, म्हणून मी घरातल्या डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या चिकटवायची. तुमचे आजोबा म्हणायचे, "तुझ्या स्वयंपाकघरात साखर शोधायची तर मॅट्रिक व्हावं लागतं."

बाजारात केसरचंदशेठ नावाच्या जैन व्यापाऱ्यांचं दुकान होतं. कापूस आणि धान्य हा त्यांचा धंदा, आणि जुनी नाणी हा छंद. एके दिवशी ते आमच्या ओसरीवर येऊन बसले.

"बाई, इंग्रजीत एक चिठ्ठी लिवून देता का? लंडनले धाडाची हाय."

"लंडनला कोणाला?"

"हाय एक म्हातारा. त्याच्यापाशी बी नानेच नाने. घरचे इचारत नसन त्याले, म्हनून मले उत्तर देते बिचारा."

अशी मी शेठची पत्रलेखिका झाले. दुसऱ्याच पत्रात त्या म्हाताऱ्याने विचारलं, तुम्ही नाणी ठेवता कशात? शेठनी छाती फुगवून मला सांगितलं, "लिवा, लाल मखमलीत." मी लिहिलं. त्यावर लंडनहून चार पानी उत्तर आलं. त्यातली साडेतीन पानं मखमलीवर होती आणि एकही शब्द कौतुकाचा नव्हता.

त्याचं म्हणणं असं. चांदी ही फार मानी बाई आहे. रंगवलेलं कापड तिला सोसत नाही, लोकर सोसत नाही, कापडाची खळ सोसत नाही, माणसाच्या बोटाचा घामही सोसत नाही. यातलं काही लागलं की ती काळी पडते. तांबं हिरवं पडतं. तेव्हा प्रत्येक नाण्याला धुऊन धुऊन मऊ केलेल्या, बिनरंगी, बिनखळीच्या सुती कापडाची वेगळी खोळ हवी. मी हे सगळं मराठीत वाचून दाखवलं. शेठ म्हणाले, "म्हंजे लक्षुमीले महालातून काढाचं अन् लंगोटावर बसवाचं म्हनते काय हा?"

पण मखमलीतली दहा नाणी काढून पाहिली, तर सात काळवंडलेली निघाली. शेठनी दुकानामागची खोली रिकामी केली, दोन शिलाई मशिनी आणल्या आणि मला म्हणाले, "चार पानं तुमी वाचले, आता तुमीच करा."

काम दिसायला सोपं होतं. दोन-अडीच इंची चौकोनी खोळ, तीन बाजू शिवलेल्या, चौथीला आत दुमडायची झडप. खरी मेहनत शिवण्याच्या आधीची. नव्या मलमलीत खळ असते. ती काढायला कापड नुसत्या पाण्यात तीनदा उकळायचं, दर वेळी पाणी बदलायचं. साबण नाही, नीळ तर अजिबात नाही. मग वाळलेल्या तुकड्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकायचा. डाग निळा-काळा आला तर खळ उरलीय, पुन्हा उकळा. पिवळट राहिला तर पास. आयोडीनची बाटली मी स्वतःच्या पैशाने आणत होते, तरी तुमचे आजोबा जेवताना विचारायचे, "आज कापडाला कुठं लागलं?"

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तिच्यावर सगळं येणार आहे. साधी पिशवी उलट्या बाजूने शिवतात आणि मग सुलटी करतात, म्हणजे शिवण आत जाते. आमची खोळ सुलटी करायचीच नाही. शिवण बाहेरच ठेवायची, नाहीतर दोऱ्याची कड नाण्यावर घासते. त्यामुळे आमच्या खोलीत कोणी कधी खोळ उलटवत नसे.

शिवायला तिघी होत्या. त्यांत यमुना सगळ्यांत तरबेज. ती इंझोरीला दिलेली, लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून मालेगावात भावाकडे राहत होती. वय असेल पंचविशीचं. तिचा टाका इतका बारीक की मी चष्मा लावून मोजायची. आणि जीभ सुईहून टोकदार. खोळींना 'झबली' हे नाव तिनेच दिलं. पहिल्या दिवशी माप ऐकून ती म्हणाली, "बाप्पा! राजाइले झबले शिवाचे? टोपरे बी लागन का बाई?" नाव असं चिकटलं की शेठही दुकानात गिऱ्हाइकासमोर "झबले झाले का?" म्हणून ओरडत.

हळूहळू अकोला, नागपूर, अमरावतीच्या नाणेवाल्यांची पत्रं येऊ लागली. पन्नास खोळींचं एक पुडकं, आत माझ्या हातची इंग्रजी चिठ्ठी. पुडक्यावर शिवणारीचा आकडा असे. यमुनेचा आकडा दोन. ही पद्धत माझी. काय कुठून आलं ते कळलं पाहिजे, असा माझा आग्रह होता. अजूनही आहे, तुम्ही मला पाठवलेल्या प्रत्येक भेटकार्डाच्या मागे तारीख घातलेली आहे.

गावची गिऱ्हाइकं मात्र पत्राने येत नसत. शेलूबाजारचा एक शेतकरी एकदा रुपया घेऊन आला. घरात जुनं सापडलं म्हणून त्याने तो चिंच आणि राखेने तीन दिवस घासला होता. रुपया लखलखत होता, पण त्यावरच्या राजाला नाकच उरलं नव्हतं. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. शेतकऱ्याला वाटलं, आनंदाने आलं. "आता याले चांगलं झबलं द्या," तो म्हणाला. यमुनेने नाणं कडेने धरून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "भाऊ, याले झबलं काहून? आंघोळीनंच मेला हा."

दुसरी एक म्हातारी आली, गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवलेलं कडीचं नाणं घेऊन. तिला खोळ हवी होती, पण नाणं गळ्यातून काढायचं नव्हतं. मी म्हटलं, हे आपल्या नियमात बसत नाही. यमुनेने मला विचारलंही नाही. तिने कडीपुरतं काज पाडलं, म्हातारीला समोर बसवलं आणि नाणं गळ्यात असतानाच खोळ शिवून बंद केली. म्हातारी तिचा गालगुच्चा घेऊन गेली. माझा कोणी गालगुच्चा घेतला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहिते आहे ती.

एका उन्हाळ्यात शेठनी आपली चांदीची सगळी नाणी नव्या खोळींत घालायचं ठरवलं. "यमुनेच्याच हातचे पाह्यजेत," असं त्यांनी बजावलं. यमुनेने दोनशे खोळी शिवल्या. पुडकी शेठच्या घरी गेली, दोन-चार दिवसांनी शेठनी नाणी भरली आणि कपाट बंद केलं. मग पावसाळा आला आणि गेला. नवरात्रात शेठनी कपाट उघडलं, आणि त्यांच्या घरून मला बोलावणं आलं.

गादीवर नाणी मांडली होती. प्रत्येक नाण्यावर एका अंगाला, बोटाच्या पेराएवढा तपकिरी काळा डाग. काहींवर तो नेमका राजाच्या गालावर. शेठ रागावले नव्हते, ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "बाई, तुमी तं म्हने पानी तीनदा बदलता."

मी खोलीत आले आणि तपास सुरू केला. कापडाचा उरलेला तुकडा काढला, आयोडीन टाकलं. पास. दोरा पाहिला. तोच, नेहमीचा. मग मी पुडक्यांची वही उघडली, आणि तिथे सगळीकडे आकडा दोन. डाग बोटाएवढे, खोळी यमुनेच्या. मला वाटलं, सापडलं. तिच्या हाताला घाम येत असेल, किंवा स्वयंपाक करून हात न धुता मशिनीवर बसत असेल.

मी तिला बाकीच्या दोघींच्या समोर हात पुढे करायला सांगितले आणि ते उलटेसुलटे करून पाहिले. तिने हात पुढे केले. त्या दिवशी ती काही विनोदाचं बोलली नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"तपास पुरा होईपर्यंत तू घरी राहा," मी म्हटलं.

"किती दिवस, बाई?"

"ते सांगता येणार नाही."

"मले सांगावं लागन ना. वहिनी इचारन."

या वाक्याचा अर्थ मला चार दिवसांनी कळला. यमुना हाताला काम आहे तोवरच भावाच्या घरात राहू शकत होती. काम गेलं तर तिला इंझोरीला दिराकडे परत धाडायचं, हे तिच्या वहिनीने केव्हाच बोलून ठेवलं होतं. दिराच्या घरी शेतावर राबायचं, गोठा काढायचा आणि कोणाच्या तोंडाला तोंड द्यायचं नाही. शिवाय बाजारात एव्हाना एक वेगळीच गोष्ट फिरू लागली होती. शेठच्या गड्यांनी डाग पाहिले होते. "रांडमुंड बाईचा हात लक्षुमीले लागला, मंग काय होईन?" अशी ती गोष्ट. घामाचा निष्कर्ष माझा, अपशकुनाचा त्यांचा. दोन्हींत गुन्हेगार एकच.

पाचव्या दिवशी सकाळी यमुना खोलीत आली. कात्री परत करायला. ती शेठची होती. बाहेर पायरीवर तिचं गाठोडं ठेवलेलं दिसत होतं.

"दहाची बस हाय," ती म्हणाली. "मंगरूळवरून दुसरी भेटते."

माझ्यासमोर टेबलावर डागाळलेल्या नाण्यांच्या खोळींचा ढीग होता. तिने सहज एक उचलली. शिवणारी बाई कुठलंही शिवलेलं हातात घेतलं की टाके चाचपते, तशी तिने चाचपली. मग अंगठा आत घालून ती खोळ उलटी केली.

आत, झडपेखाली, एक बोट उमटलं होतं. पिवळं, त्यावर लाल. पावसाळ्याच्या ओलीने कडा पसरलेल्या.

तिने दुसरी उलटवली. तिसरी. मी चौथी. प्रत्येकीत तेच बोट. यमुनेने एक नाकाशी नेली. मग माझ्याकडे पाहून ती पाच दिवसांत पहिल्यांदा हसली.

"बाई, तुमी बीए झाल्या. एक सांगा मले. हे हळदकुंकू हाय. मी कुंकवाच्या डबीले हात लावते काय?"

मुलांनो, हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आपल्याकडे नवं कापड अंगावर घालण्याआधी त्याच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावतात. कोरं पांढरं कापड तसंच वापरणं अशुभ. हे बोट लावायचं ते सवाष्णीने. तेव्हाच्या रीतीने विधवेला कुंकू वर्ज्य होतं. ज्या कारणाने गाव तिच्याकडे बोट दाखवत होतं, त्याच कारणाने ते बोट तिचं असणं शक्य नव्हतं. आणि मी पाच दिवस वही चाळत होते, एक खोळ उलटवून पाहिली नव्हती. अकोल्याच्या एका नाणेवाल्या गृहस्थांचं पत्रही माझ्याच फाइलीत होतं. त्यांच्याकडे आकडा दोनचीच पुडकी गेली होती आणि नाणी उत्तम असल्याचं त्यांनी कळवलं होतं. तेही मला तेव्हाच आठवलं.

मी यमुनेला म्हटलं, "बस सोड. इथेच थांब."

"नाई बाई. घरी थांबते मी. गाठोडं पाह्यलं लोकाइनं, आता वापस जाताना बी पाहू द्या."

आमच्या खोलीतून निघाल्यावर नाणी भरेपर्यंत दोन-चार दिवस खोळी शेठच्या घरीच होत्या, म्हणून मी एक खोळ घेऊन त्यांच्या घरात मागच्या दाराने गेले. शेठाणीबाई डाळ निवडत होत्या. मी उलटी खोळ त्यांच्यापुढे धरली. त्यांचा हात सुपात थांबला.

"मीच लावलं," त्या म्हणाल्या. "दोन दुपारा लागल्या. दोनशे काय कमी असतेत?"

"पण का? रंगाचा ठिपकाही नको, असं मी दहादा सांगितलं होतं."

"म्हनून तं आतून लावलं. तुमाले दिसू नाही म्हनून." मग सुपाकडे पाहत, "आमच्या घरी येनाऱ्या बाया बोलत होत्या. यमुनेच्या हातचं, अन् कोरं पांढरं. उद्या घरात कोनाले शिंक आली तरी त्या पोरीचं नाव येईन. म्हटलं, एक बोट लावून ठेवू, म्हंजे बोलाले जागा राह्यनार नाई. माह्यासाठी नाई लावलं बाई. तिच्यासाठी लावलं."

मी खाली बसले. रागवायला आले होते, पण राग कोणावर काढावा ते समजेना.

शेठनी सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. त्यांना डागांपेक्षा आता दुसरी काळजी पडली. "बाई, घरातली गोष्ट हाय. यमुनेले उद्यापासून येऊ द्या. गावात सांगाचं काय काम?"

खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. यमुना कामावर येईल, पुडकी जातील, वहीत सगळं नीट होईल. माझी चूक तर कोणाला दिसणारही नाही. पण शेठाणीबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चपला घालू लागल्या. भर दिवसा बाजारातून पायी जाताना त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"काहून? कुठी चालल्या?" शेठ म्हणाले.

"जिथं तिचं नाव गेलं तिथं माह्यं बी जाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि निघाल्या. मी त्यांच्या मागून. दुकानातले गडी पोत्यांवरून उठून उभे राहिले.

यमुनेच्या भावाचं घर बाजारामागच्या गल्लीत होतं. यमुना अंगणात गाठोडं सोडत बसली होती. शेजारच्या दोन-तीन बायका कुडावरून डोकावल्याच होत्या, त्यांना आणखी बोलवावं लागलं नाही. शेठाणीबाई अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "यमुने, नान्यायले डाग माह्या बोटानं पडले. कुंकू मी लावलं होतं. तुह्या हाताचा काई दोष नाई. चाल, काम पडून हाय."

यमुना उठली. तिने शेठाणीबाईंचा हात हातात घेतला, बोटं निरखून पाहिली आणि म्हणाली, "एवढ्याशा बोटानं दोनशे राजे मारले?" कुडावरच्या बायका हसल्या. शेठाणीबाईही हसल्या आणि डोळे पुसू लागल्या.

मला वाटलं, झालं. मी दोन पावलं मागे सरकले होते.

"अन् तुमी बाई?" यमुना माझ्याकडे वळली. "तुमी कायले आल्या?"

लंडनला चार-चार पानं लिहिणाऱ्या तुमच्या आजीला दोन शब्द सुचेनात. आधी मी म्हणाले की वहीत जी नोंद होती तिच्यावरून मी निष्कर्ष काढला. यमुना ऐकत राहिली. मग म्हणाले की नियमाप्रमाणे तपास करणं भाग होतं. ती तरीही ऐकत राहिली. शेवटी मी म्हणाले, "चुकलं माझं."

"मोठ्यानं म्हना," यमुना म्हणाली. "वहिनी चुलीपाशी हाय. तिले ऐकू नाई आलं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर हसू होतं, पण डोळ्यांत नव्हतं. चूल घराच्या पार मागच्या अंगाला होती. तेव्हा मी, अमरावतीच्या कॉलेजात वक्तृत्वाला बक्षीस मिळवलेली बाई, तोंडावर पदर न घेता, परक्याच्या अंगणात उभी राहून ओरडले, "चुकलं माझं! यमुनेचा काही दोष नव्हता!"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग वहिनी दारात आली, हात पिठाने भरलेले. तिने शेठाणीबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शेवटी यमुनेकडे.

"चहा टाकू का?" ती म्हणाली. यमुनेला वहिनीने आजवर चहाचं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"टाक," यमुना खाटेवर बसत म्हणाली. "साखर जरा जास्तच टाकजो. बाईचा घसा बसला असन."